कन्याशाळेत मुलगे येणार: नकाशापासून मधल्या सुट्टीपर्यंतची तयारी

कॅथलिक धर्मभगिनी, म्हणजे सिस्टर, चालवतात त्या मुलींच्या शाळा सहशिक्षणाकडे वळू लागल्या की कारणं बहुधा घरगुती असतात. एका घरातली दोन भावंडं दोन शाळांत, म्हणजे दोन रिक्षा, दोन पालकसभा, दोन वेगळ्या वेळा. पालक म्हणतात, एकाच ठिकाणी घ्या. अनुदानित शाळेत आणखी एक कारण असतं, ते सभेत कुणी बोलत नाही पण सगळ्यांना ठाऊक असतं. ३० सप्टेंबरचा पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदं ठरताना, शिक्षक अतिरिक्त ठरतात. शिवाय पुष्कळ कॉन्व्हेंटांत चौथीपर्यंत मुलगे असतातच, पाचवीला त्यांच्या हातात दाखला ठेवला जातो. त्यामुळे "मुलगे घ्यायचे" हा निर्णय वाटतो तितका नवा नसतो.

चर्चची भूमिकाही एका जागी थांबलेली नाही. पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९२९ च्या परिपत्रकात सहशिक्षणाला स्पष्ट विरोध केला होता. आपल्याकडच्या कितीतरी कॉन्व्हेंटांच्या इमारती त्याच विचाराच्या काळातल्या आहेत, आणि इमारतीला विचार बदलता येत नाही. जिना, संडास, मैदान, खिडक्या, सगळं "इथे फक्त मुली असणार" हे धरून बांधलेलं असतं.

वसई भागातल्या अशा दोन शाळांच्या बांधकाम समितीवर मी होते. एकीत नोकरीत असताना पर्यवेक्षिका म्हणून, दुसरीत निवृत्तीनंतर. पहिल्या शाळेत आम्ही सगळ्यांत आधी मुलांना काय काय लागेल याची यादी केली: मुताऱ्या, संडास, गोलपोस्ट, पुरुष शिक्षकांसाठी खोली. सगळं वेळेत झालं, आशीर्वादविधी झाला, फोटो निघाले. चार वर्षांनी एका मधल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावरून खाली पाहिलं तर मैदानात एकही मुलगी नव्हती. सगळ्या भिंतीला पाठ लावून डबे खात उभ्या. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. चेंडू येत होता, एवढंच. म्हणून दुसऱ्या शाळेत यादी उलटी केली. मुलगे आले की मुलींचं काय जाणार, हे आधी लिहून काढलं. पुढचं सगळं त्या अनुभवावर बेतलेलं आहे.

पहिली पायरी: मुलींच्या हातात नकाशा द्या

आर्किटेक्टला बोलावण्याआधी शाळेचा तळमजल्याचा आणि मैदानाचा साधा आराखडा काढून घ्या. हाताने काढलेला चालतो. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गात त्याच्या प्रती वाटा. लाल पेन्सिलीने "इथे जायला नको वाटतं" आणि हिरवीने "इथे बसायला आवडतं" अशा खुणा करायला सांगा. नाव लिहायचं नाही. तासाभराचं काम आहे आणि एका पैशाचा खर्च नाही.

आमच्याकडे हिरव्या खुणांचा पुंजका उमटला तो मागच्या बकुळीखालच्या तीन पायऱ्यांवर. स्टाफरूममधल्या कुणालाही ते ठाऊक नव्हतं. आणि आर्किटेक्टच्या पहिल्या मसुद्यात मुलांच्या मुताऱ्या नेमक्या तिथेच होत्या, कारण कागदावर ती "मागची मोकळी जागा" होती.

या खुणांवरून दोन याद्या करा. ज्या जागांना हातच लावायचा नाही त्यांची एक, आणि ज्या जागी काही बदललं तर पर्यायी जागा आधी द्यायची त्यांची दुसरी. दोन्ही याद्या समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. सहा महिन्यांनी ठेकेदार "इथेच सोपं पडतं" म्हणायला लागला की त्या कामी येतात.

दुसरी पायरी: आकडे, पण दहा वर्षांचे

सर्वांत आधी ठरवायचं ते हे, की मुलगे मुलींच्या जागी येणार की त्यांच्यात भर पडणार? पहिल्या प्रकारात पट तेवढाच राहतो आणि वर्गखोल्या पुरतात. दुसऱ्यात नवीन तुकडी म्हणजे नवीन खोल्या, जिने, पाणी, शिक्षक. सभेत लोक या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बोलतात आणि अंदाजपत्रक कोसळतं.

दुसरा प्रश्न, मुलगे कुठल्या इयत्तेपासून? माझं मत ठाम आहे: पहिलीपासून, आणि दरवर्षी एक इयत्ता वर. आठवीत एकदम बाहेरून वीस मुलगे आणून बसवले तर त्या वर्गातल्या मुलींचा अख्खा तोल जातो. शिवाय खालून वर आलं की बांधकामही टप्प्याटप्प्याने करता येतं.

हिशेब करून दाखवते. पहिली ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, तुकडीत पन्नास, म्हणजे हजार मुली. दरवर्षी पहिलीत पन्नास मुलगे घेतले तर पाचव्या वर्षी २५० मुलगे आणि ७५० मुली, दहाव्या वर्षी ५०० आणि ५००. राष्ट्रीय इमारत संहितेत बिगरनिवासी शाळेसाठी ४० मुलांमागे एक संडास, २० मुलांमागे एक मुतारी आणि २५ मुलींमागे एक संडास असं प्रमाण आहे. म्हणजे मुलांसाठी पाचव्या वर्षी ७ संडास आणि १३ मुताऱ्या, दहाव्या वर्षी १३ आणि २५. मुलींसाठी पाचव्या वर्षी ३० संडास हवेत, दहाव्या वर्षी २०. आणि आज, हजार मुली असताना, ४०.

आता शाळेत जा आणि मोजा. जुन्या कन्याशाळेत ४० संडास मला आजवर दिसलेले नाहीत. चौदा-सोळा असतील, त्यातले दोन "बंद आहे" अशा पाटीचे, एकाला कुलूप, चावी मावशींच्या कमरेला. याचा अर्थ सरळ आहे. मुलींचं एकही संडास मुलांना देता येणार नाही. "मुली निम्म्या होणार, मग एक ब्लॉक देऊन टाकू" हा युक्तिवाद दहाव्या वर्षीसुद्धा खरा ठरेल की नाही याची शंका आहे. पहिल्या सात-आठ वर्षांत तर तो धादांत चूक आहे.

स्वच्छ विद्यालय मोहिमेत वेगळं प्रमाण दिलं होतं: ४० विद्यार्थ्यांमागे एक युनिट, म्हणजे एक संडास आणि तीन मुताऱ्या. दोन्हींची तुलना करून जे जास्त निघेल ते धरा. पाण्यासाठी दिवसा भरणाऱ्या शाळेला माणशी ४५ लिटर हा भारतीय मानकाचा आकडा धरला तर हजार विद्यार्थ्यांना रोज ४५,००० लिटर लागतात. आपल्याकडे नळाला किती येतं आणि टँकर किती मागवावा लागतो, ते ज्याचं त्याला माहीत. निदान छताचं पाणी तरी वाया घालवू नका. पाचशे चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की पाचशे लिटर पाणी होतं, आणि कोकणपट्टीत मिलिमीटरांची वाण नाही.

तिसरी पायरी: आधी कागद, मग कुदळ

मालमत्ता कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. धर्मभगिनींच्या संस्थेच्या, बिशपांच्या धर्मप्रांताच्या, की पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या? शाळा सिस्टर चालवतात पण जमीन चर्चची, असं वसईत सर्रास आढळतं. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, त्यामुळे जुने कागद कधीकधी मुंबईच्या कचेरीत निघतात. धर्मभगिनींच्या संस्थेच्या प्रांतप्रमुख (प्रोव्हिन्शियल) सिस्टर आणि त्यांच्या मंडळाचा लेखी ठराव हवा. धर्मप्रांतातल्या कॅथलिक शाळांवर देखरेखीचा अधिकार बिशपांचा असतो, मग त्या शाळा धर्मभगिनींच्या का असेनात. तेव्हा त्यांनाही सुरुवातीलाच कळवा. इमारत उभी राहिल्यावर कळवलं तर उगाच मनं दुखावतात.

मग शिक्षण खातं. जिल्ह्यात शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक. "मुलींची शाळा" हा प्रकार बदलून "सहशिक्षण" करण्यासाठी ठरावासह लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या, नोंदीत शाळेचा प्रकार बदलला आहे ना, ते स्वतः बघा. नोंदीत शाळा मुलींचीच राहिली आणि पहिलीत मुलगे बसले, तर पुढचे घोळ निस्तरण्यात क्लार्कचं वर्ष जाईल. शाळेच्या नावात "कन्या" किंवा "गर्ल्स" असेल तर त्याचाही विचार याच वेळी करा. शिक्के, दाखले, बँक खातं, सगळीकडे ते नाव असतं.

बांधकाम परवानगी महापालिकेकडून किंवा नगरपरिषदेकडून. मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागते, मुंबईत २०३४ च्या आराखड्याची. महापालिका हद्दीत इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट टळत नाही, आणि टाळूही नका. अग्निशमनासाठी २००६ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. नवीन ब्लॉकची होजरील (आग विझवायची पाण्याची नळी) आणि सिलिंडर त्यात धरा.

एक वाद हमखास निघतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, अडथळाविरहित प्रवेश, मैदान, कुंपण अशी यादी आहे. कुणीतरी म्हणतं, आपण अल्पसंख्याक, आपल्याला तो कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसा निकाल दिला खरा, पण २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्यावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. ते काहीही होवो. संडास बांधायचे की नाहीत याचं उत्तर न्यायालयाकडून यायची वाट कोण बघतं?

चौथी पायरी: स्वच्छतागृहं, इथे घाई नको

जुन्या कॉन्व्हेंटच्या भिंती भार पेलणाऱ्या असतात, दगडी किंवा जाड विटांच्या. वरच्या मजल्यावर एखादी वर्गखोली घेऊन तिथे संडास काढायचे म्हणजे स्लॅबवर भराव, भरावावर फरशी, आणि खालच्या वर्गाच्या छताला कायमची ओल. त्याऐवजी इमारतीला बाहेरून खेटून स्वच्छतागृहांचा स्वतंत्र उभा ब्लॉक बांधा. प्रत्येक मजल्यावर छोट्या पुलासारख्या मार्गाने तो जोडा. त्याचा पाया वेगळा, खांब वेगळे, पाइप बाहेरच्या बाजूने. जुन्या आणि नव्या बांधकामात सांधा सोडावाच लागतो, आणि पहिल्याच जुलैत तो गळतो. त्यावरची पत्र्याची झाकपट्टी अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या, नाहीतर ठेकेदार "त्यातच आलं" म्हणतो आणि ते कशातच येत नाही.

ब्लॉक कुठे? पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूला मुताऱ्या ठेवल्या तर जून ते सप्टेंबर वास थेट वर्गात. शक्यतो ईशान्येकडची बाजू धरा. मुलांचं आणि मुलींचं प्रवेशद्वार समोरासमोर नको, एकाच बोळात तर नकोच. दार वर्दळीच्या व्हरांड्यातून किंवा पर्यवेक्षकांच्या खोलीतून दिसलं पाहिजे, पण दारातून आतलं काही दिसता कामा नये. त्यासाठी आत शिरताच वळण घ्यायला लावणारी आडभिंत हवी. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांत सीसीटीव्ही बंधनकारक केले. कॅमेरा या प्रवेशमार्गावर बाहेरून रोखलेला असावा, आत कधीच नाही. मुलींच्या आणि लहान मुलांच्या स्वच्छतागृहांच्या सफाईला मावशीच हव्यात. मुलांच्या ब्लॉकसाठी एक जादा नेमणूक लागणार, तो पगार आत्ताच धरा. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असते. तिला हा नकाशा मंजुरीआधी दाखवा.

मुतारीची उंची ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट. आमचा मिस्त्री म्हणाला, "बाई, आपण सगळीकडे हीच उंची लावतो." सगळीकडे म्हणजे हॉटेलात आणि एसटी स्टँडवर. शेजारच्या घरातला पहिलीत जाणारा मुलगा बोलावला आणि भिंतीला लावून ठेवलेल्या भांड्यासमोर उभा केला. तो टाचा उचलून, मान वर करून बघू लागला. मिस्त्री हसला, खिशातून खडू काढला आणि त्याच्या मांडीच्या जरा वर रेघ ओढली. मग चौथीतला एक, मग सातवीतला. तीन रेघा, तीन उंच्या. पहिली-दुसरीच्या व्हरांड्याजवळ खालची, वरच्या मजल्यांवर उंच. नळाच्या तोट्यांचं आणि हात धुण्याच्या ओट्याचंही तेच. मुलांनी टाचा उचलून पाणी घ्यायला नको असेल तर ओटा बेतून घ्या.

दोन मुताऱ्यांच्या मध्यांत सव्वादोन फूट तरी अंतर आणि मध्ये कडप्प्याची आडपट्टी ठेवा. मुलग्यांनाही लाज असते, हे कन्याशाळेत आयुष्य गेलेल्या आम्हा बायकांच्या लक्षातच येत नव्हतं. संडासाची खोली तीन बाय चार फुटांपेक्षा लहान करू नका. दार बाहेर उघडणारं असावं, म्हणजे आत कुणाला चक्कर आली तर ते अडत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. हवेसाठीची जाळी सात फुटांच्या वर. प्रत्येक मजल्यावर एक मोठी खोली धरकाठ्यांसह आणि आत व्हीलचेअर वळेल इतक्या, म्हणजे दीड मीटर व्यासाच्या मोकळ्या जागेची. तळमजल्याला रॅम्प, उतार बारास एक.

मुलींच्या ब्लॉकमध्ये या निमित्ताने राहिलेलं सगळं करून घ्या: सॅनिटरी नॅपकिनचं मशीन, प्रत्येक खोलीत झाकणाचा डबा, विल्हेवाटीची सोय, आतल्या बाजूला आरसा आणि वॉशबेसिन. मुलींनी पॅड हातात घेऊन सामायिक व्हरांड्यातून चालत जाऊ नये, एवढी साधी कसोटी लावा. ठेकेदार आलेला असताना मुलींच्या ब्लॉकची दुरुस्ती "पुढच्या टप्प्यात" ढकलू नका. तो टप्पा येत नसतो.

आणि पुरुष कर्मचारी. कन्याशाळेत त्यांच्यासाठी काही नसतंच. आमचे ड्रिलचे सर वीस वर्षं रस्ता ओलांडून फादरांच्या बंगल्यावर जात. ऑडिटरही तिथेच. आता सर वाढणार. त्यांना विद्यार्थ्यांपासून वेगळं स्वच्छतागृह द्या.

सेप्टिक टँकबद्दल वसईकरांना सांगायला नको, पण बाहेरचा आर्किटेक्ट असेल तर सांगा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं तेव्हा शोषखड्डा काही शोषत नाही. विहीर आणि बावखलापासून, म्हणजे गावातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यापासून, तो निदान साठ फूट लांब हवा. जोतं ठरवताना जुलै २०१८ च्या पाण्याची खूण गावात कुणालाही विचारा. ती भिंतीवरच दाखवतील.

पाचवी पायरी: जिने, बाकं आणि कपडे बदलायची जागा

फक्त मुलींच्या शाळेत उघड्या पायऱ्यांचा जिना कुणाला खटकत नाही. मुलगे आले की स्कर्ट घातलेली मुलगी जिन्यावर भिंतीकडेने चढू लागते. दोन पायऱ्यांमधली फट बंद करा. कठड्याच्या गजांना खालून तीन फुटांपर्यंत पत्रा किंवा जाड जाळी मारा. वर्गातल्या बाकांची पुढची बाजू उघडी असेल तर प्लायची फळी ठोका. सुतार दिवसाला पुष्कळ बाकं करतो. दोन तुकड्यांची बाकं आधी करून बघा, मग बाकीची. गणवेशात मुलींना सलवार किंवा पँटचा पर्याय द्यायचा की नाही, तेही याच बैठकीत ठरवा. मी म्हणेन, द्या.

पीटीच्या तासाला मुली आजवर दार लोटून वर्गातच कपडे बदलत होत्या. ते बंद होणार. दोन छोट्या खोल्या हव्यातच, एक मुलींना, एक मुलांना, आत खुंट्या आणि बाक. गॅदरिंगच्या दिवशी त्याच ग्रीनरूम होतील, म्हणून रंगमंचाच्या जवळ. आजारी मुलांच्या खोलीत दोन खाटा आणि मध्ये पडदा.

शिवणाची खोली मोडून "मुलांसाठी वर्कशॉप" करायचा मोह आवरा. दोघांनाही दोन्ही शिकवा. आमच्याकडे फ्यूज बदलण्यात मुली पुढे होत्या आणि काज-बटणात दोन मुलगे. गाईडच्या जोडीला स्काउट येणार, एनसीसी असेल तर मुलांची तुकडी येणार, म्हणजे सामानाला आणखी एक कपाट. त्यासाठी खोली बांधायची गरज नाही.

सहावी पायरी: मैदान

खरा खर्च इथे आहे, आणि तो पैशाचा नाही.

फुटबॉल मैदानाच्या मधोमध ठेवला की बाकी सगळे खेळ आपोआप कडेला सरकतात आणि कडेला फक्त उभं राहता येतं. म्हणून मोठ्या चेंडूचा खेळ कोपऱ्यात, दोन बाजूंना उंच जाळी लावून. मधोमध अशा खेळांची आखणी करा जे दोघेही खेळतात: खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं मैदान, त्याला लागून थ्रोबॉल. कबड्डीचं मैदान मुलांसाठी १३ बाय १० आणि मुलींसाठी १२ बाय ८ मीटर असतं. एकाच जागी दोन रंगांच्या रेषांनी दोन्ही बसतात. व्हॉलीबॉलचे खांब वरखाली होणाऱ्या कप्पीचे घ्या, कारण जाळी पुरुषांना २.४३ मीटर आणि महिलांना २.२४ मीटर उंच लागते. पक्का खांब घेतला तर पहिल्या दिवशी ज्यांची उंची लावली त्यांचाच तो खेळ होतो.

पेव्हर ब्लॉकने सगळं मैदान झाकू नका. चिखल होतो म्हणून सिस्टरांना ते हवंसं वाटतं, आणि लंगडी घालणाऱ्या मुलींचे गुडघे त्याची किंमत देतात. पाण्याचा निचरा नीट केला तर मातीचं मैदान लवकर सुकतं.

मग वेळापत्रक. मधल्या सुट्टीत कोपऱ्यातलं फुटबॉल कोर्ट आठवड्यातून निदान दोन दिवस फक्त मुलींचं, असं फलकावर लिहून लावा. पहिल्या महिन्यात मुली येणार नाहीत. कोर्ट रिकामं राहील आणि मुलगे तक्रार करतील. रिकामं राहू द्या. आमच्याकडे सहाव्या आठवड्यात सातवीच्या चौघी आल्या, चेंडू न घेताच. नुसत्या गोलपोस्टला टेकून बसल्या. ड्रिलच्या सरांनी काही न बोलता चेंडू त्यांच्याकडे लोटला.

बसायच्या जागा उन्हापावसात टिकणाऱ्या हव्यात, आणि एका ओळीत भिंतीकडेने नकोत. ज्या झाडाखाली हिरव्या खुणा पडल्या असतील तिथे दोन बाक समोरासमोर ठेवा.

सातवी पायरी: कॉन्व्हेंट, ग्रोटो, वसतिगृह

सिस्टरांचं निवासस्थान बहुधा शाळेला लागूनच असतं. प्रत्येक धर्मगृहात काही भाग फक्त सभासदांसाठी राखून ठेवावा, असं कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, ६६७ वं कलम सांगतं. इतकी वर्षं शाळेतल्या मुली सिस्टरांच्या स्वयंपाकघरातून पाणी पिऊन येत, ते चालून जात होतं. आता तिथे दार, पायवाट आणि स्वतंत्र फाटक हवं. मैदानाकडे उघडणाऱ्या खिडक्यांना अर्ध्यापर्यंत धुरकट काच लावा. वयस्कर सिस्टरांना मात्र मैदान बघत बसायला आवडतं, तेव्हा एक खिडकी तशीच ठेवा.

मुलींचं वसतिगृह आवारात असेल तर त्याची संरक्षक भिंत आणि गेट पूर्ण वेगळं ठेवा, आणि शाळा सुटल्यावर मुलग्यांनी रेंगाळायची वाटच त्या बाजूने काढू नका. ग्रोटोमधल्या, म्हणजे आवारातल्या गुहेसारख्या देवळीतल्या, मरियामातेच्या काचेवर चेंडू बसणार हे गृहीत धरा. जाळी किंवा पुढे झाडांची रांग लावा. काच फुटल्यावर फुटबॉलवरच बंदी येते, हे मी पाहिलं आहे.

आठवी पायरी: पैसा आणि महिने

प्रवेश देताना पालकांकडून सक्तीचा इमारत निधी घेऊ नका. १९८७ च्या कायद्याने कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी घेतलेली देणगी, हा गुन्हा आहे. फी वाढवायची तर २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतून जावं लागतं. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीत, शिक्षण आणि स्वच्छता दोन्ही बसतात, आणि स्वच्छतागृहांसाठी पैसा मिळणं तुलनेने सोपं जातं. मैदानासाठी माजी विद्यार्थिनींकडे जा. ज्यांनी तिथे खो-खो खेळला आहे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

महिन्यांचा हिशेब उलटा करा. मुलगे जूनमध्ये येणार. कोकणात पाऊसही जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. म्हणजे फरशी आणि नळ मे महिन्यात, मोठ्या सुट्टीत. स्लॅब फेब्रुवारीपर्यंत पडलेला हवा, कारण शाळा दहावीचं केंद्र असेल तर परीक्षेच्या काळात मिक्सरच्या आवाजाला परवानगी नाही. पाया दिवाळीच्या सुट्टीत, जमीन वाळली की. त्यासाठी परवानग्या आधीच्या पावसाळ्यात हातात हव्यात आणि निर्णय त्याच्याही आधी. एकूण दीड वर्ष धरा. कॉन्व्हेंटांचे प्रवेश हिवाळ्यातच सुरू होतात. पाया दिसल्याशिवाय मुलग्यांचे फॉर्म वाटू नका.

नववी पायरी: ताबा घेताना आणि नंतर

शेवटचं बिल देण्याआधी दोन-तीन दिवस काढा. मोऱ्या बुजवून फरशीवर पाणी भरा आणि दोन दिवस ठेवून खालचं छत बघा. बादलीभर पाणी कोपऱ्यात ओता, ते मोरीच्या जाळीकडे जातं की दाराकडे ते बघा. प्रत्येक कडी आतून लावून बाहेरून उघडा. मघाचा तो पहिलीतला मुलगा पुन्हा बोलवा.

त्यानंतर दर सत्रात एकदा, कुठल्याही साध्या दिवशी, मधल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावर जा. हातात मैदानाचा आराखडा घ्या आणि घंटेनंतर दहा मिनिटांनी जो जिथे दिसेल तिथे ठिपका काढा, मुलींचा हिरवा, मुलांचा निळा. तारीख टाकून फाइलला लावा. हिरवे ठिपके कडेकडे सरकू लागले तर त्याच आठवड्यात कोर्टाच्या पाळ्या बदला, जाळी हलवा, बाक उचलून दुसरीकडे ठेवा. आमच्या फाइलमध्ये तिसऱ्या वर्षीच्या कागदावर बकुळीखाली नऊ हिरवे आणि दोन निळे ठिपके आहेत. त्या दोघांना मी ओळखते. एक काज-बटणवाला, आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ, डबा न्यायला आलेला.